शाळेला कुलूप असताना वर्ग कसा चालू ठेवायचा

कोरोनाच्या साथीमुळे मार्च २०२०च्या मध्यात महाराष्ट्रातल्या शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२०पासून आणि पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१पासून सुरू झाले, पुन्हा बंद पडले, पुन्हा उघडले. खेड्यातल्या पहिली ते चौथीच्या मुलांना मात्र शाळेची पायरी चढायला १ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. कुलूप लागलं तेव्हा पहिलीत असलेलं पोर परत आलं ते तिसरीत. दुसरीचा वर्ग त्याने पाहिलाच नाही.

साथ पुन्हा येवो, पूर येवो की शाळेची इमारत धोकादायक ठरो, महिना-दोन महिने शाळा बंद राहण्याची वेळ कुणावरही येऊ शकते. पुढची रीत दोन-तीन शिक्षकी, तीस ते साठ पटाच्या जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी आहे. शहरातल्या मोठ्या शाळेला यातलं निम्मं लागू पडेल. मूळ सूत्र एकच धरा: मुलापर्यंत काय पोचवलं याची नोंद दुय्यम, मुलाकडून परत काय आलं याची नोंद मुख्य. ग्रुपवर रोज पाच व्हिडिओ टाकून महिन्याचा अहवाल भरगच्च दिसतो, पण त्यातून मुलाला हातच्याची वजाबाकी येते का, हे काही कळत नाही.

पहिले दोन दिवस: यादी

काहीही शिकवण्याआधी प्रत्येक घरी फोन करा, शक्य असेल तिथे दारात उभं राहून बोला. “तुमच्याकडे स्मार्टफोन आहे का?” हा प्रश्न फसवा आहे. उत्तर “आहे” येतं, पण तो फोन बापाच्या खिशात दिवसभर रानात किंवा ट्रकवर असतो. त्याऐवजी विचारा: फोन घरी किती वाजता येतो, रिचार्ज कधी संपतो, रेंज घरात मिळते की गच्चीवर, आणि त्याच फोनवर अजून कोणती भावंडं शिकतात. शेवटचा प्रश्न विसरलात की मोठ्या बहिणीचा दहावीचा तास आणि धाकट्याचा तिसरीचा तास एकाच वेळी येतो. असं झालं की फोन धाकट्याच्या वाट्याला येत नाही.

वहीत प्रत्येक नावापुढे एक अक्षर लिहा. ‘अ’ म्हणजे संध्याकाळी तासभर स्मार्टफोन हातात मिळतो. ‘ब’ म्हणजे साधा फोन. ‘क’ म्हणजे फोन नाही किंवा रेंज नाही, पण मूल गावात आहे. ‘ड’ म्हणजे मूल गावातच नाही: ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा मामाकडे. दर महिन्याला ही अक्षरं तपासा. रिचार्ज संपला की ‘अ’चा ‘ब’ होतो आणि ते कुणी आपणहून सांगत नाही.

स्मार्टफोनवर काय चालतं

इयत्तेनुसार ग्रुप करा आणि फक्त ॲडमिनला संदेश टाकता येईल अशी सेटिंग ठेवा. नाहीतर अभ्यास सुप्रभाताच्या फुलांखाली गाडला जातो. उत्तरं शिक्षकाच्या नंबरवर वेगळी मागवा. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. वर्गातल्या मुलींचे फोटो अनोळखी लोकांपर्यंत जायला एक फॉरवर्ड पुरतो.

पहिली ते आठवीसाठी केंद्राच्या जुलै २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन ऑनलाइन सत्रं सांगितली होती. प्राथमिकच्या मुलांसाठी तेवढंही जड जातं. समोरासमोरच्या व्हिडिओ तासाला साधारण १ जीबी डेटा जातो. रोजचा दीड जीबीचा पॅक असलेल्या घरात एका तासात दिवसाचा बराचसा डेटा उडतो, मग बाप दुसऱ्या दिवशी फोन देत नाही.

त्यापेक्षा एक फोटो आणि एक आवाज पुरतो. फळ्यावर एकच उदाहरण सोडवा. अक्षर नेहमीच्या दुप्पट मोठं काढा, खिडकीचा उजेड बाजूने येईल असं बघा आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या. फ्लॅशने फळ्याच्या मधोमध पांढरा डाग पडतो आणि नेमका हातचाच दिसेनासा होतो. मग दोन ते तीन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करा: “फोटो उघडा. एकक स्थानावर बोट ठेवा. दोनातून सात जात नाहीत, म्हणून...” प्रत्येक कृतीनंतर पाच सेकंद गप्प राहा. हा विराम सगळेच विसरतात आणि मूल मागे पडतं. पीडीएफ शक्यतो टाळा. स्वस्त फोनवर ती उघडत नाही किंवा अक्षर वाचायला सारखी सरकवावी लागते.

वेळ संध्याकाळी सातच्या पुढची ठेवा. सकाळी दहाचं वेळापत्रक कागदावर शोभून दिसतं, पण त्या वेळी फोन घरी नसतो.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर इयत्तावार पाठ लागत असतील तर त्यांचं वेळापत्रक जाड अक्षरात चावडीवर आणि किराणा दुकानावर चिकटवा. टीव्ही मुलाला प्रश्न विचारतो, पण त्याचं उत्तर ऐकत नाही. म्हणून प्रत्येक पाठावर एकच प्रश्न आठवड्याच्या कागदात घाला.

साधा फोन असलेली घरं

या घरांना “तुमच्यासाठी काही करता येत नाही” असं सांगून मोकळं होणं ही २०२०मधली सर्वांत महागात पडलेली चूक. साध्या कॉन्फरन्स कॉलवर शिक्षकासह सहा जण बोलू शकतात, म्हणजे एका वेळी पाच मुलं. कॉल तुम्ही लावत असल्याने पालकांना खर्च नाही. आदल्या दिवशी वेळ कळवा. पहिल्याला फोन लावा, दुसऱ्याला लावा, जोडा, मग तिसरा. जोडायलाच चार-पाच मिनिटं जातात, म्हणून प्रत्यक्ष काम पंधरा मिनिटांचं ठेवा.

मुलांना आधी तीन गोष्टी सांगून ठेवा. नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही. फोन कानाला लावायचा, स्पीकरवर टाकायचा नाही, नाहीतर घरातला टीव्ही पाचही घरांत ऐकू येतो. आणि मध्ये दुसरा फोन आला तर उचलायचा नाही. एकाने तो उचलला की त्याचा कॉल होल्डवर जातो आणि होल्डचं संगीत सगळ्यांच्या कानात वाजत राहतं. त्याला तोडून पुढे जाण्याखेरीज उपाय उरत नाही.

कॉलवर नवीन पाठ शिकवू नका. पाढे, तोंडी गणितं, पाठ्यपुस्तकातल्या एका परिच्छेदाचं आळीपाळीने वाचन, एका शब्दावरून प्रत्येकाचं एक वाक्य, एवढंच. पुस्तक सगळ्यांकडे असतं, त्यामुळे “पान क्रमांक चौदा उघडा” हे वाक्य फोनवरही चालतं. पाच मुलांच्या गटात वाचनाची पातळी सारखी ठेवा. एकजण अडखळत वाचतोय आणि चौघं ताटकळताहेत, असं झालं की पुढच्या वेळी त्या अडखळणाऱ्याच्या घरचा फोन लागत नाही.

आठवड्याचा गठ्ठा

सगळ्या व्यवस्थेचा कणा हा आहे आणि तो ‘अ’ गटालाही द्यायचा. दर मुलामागे आठवड्याला चार कागद, पाठपोट, म्हणजे आठ पानं. तीस मुलांना १२० कागद. ५०० कागदांचं एक रीम चार आठवडे पुरतं. झेरॉक्सचा खर्च संयुक्त शाळा अनुदानातून (शाळेला किरकोळ खर्चासाठी दरवर्षी मिळणाऱ्या सरकारी पैशांतून) निघतो, पण अनुदान हातात पडेपर्यंत वर्ष संपत आलेलं असतं. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्याच बैठकीत पैशांचा ठराव करून ठेवा.

प्रत्येक पानाची मांडणी एकच ठेवा. वरच्या चौथाईत मुलाला नक्की येणारं काहीतरी, म्हणजे पहिल्याच ओळीला हात आखडत नाही. त्याखाली एक सोडवलेलं उदाहरण, पायऱ्यांसकट. मग तशीच चार उदाहरणं, सोप्याकडून अवघडाकडे. तळाशी घरातलं एक काम: पाच भांड्यांत पाणी मोजा, आजीला एक म्हण विचारून लिहा, दाराची रुंदी वितीने मोजा. पहिली-दुसरीसाठी सूचना मुलासाठी लिहू नका, वाचून दाखवणाऱ्या भावंडासाठी लिहा: “हा शब्द मोठ्याने म्हणा, त्याला चित्रावर बोट ठेवायला सांगा.”

दोन पिशव्या करा, एक मुलाकडे, एक शाळेत. ठरलेल्या वारी भरलेली पिशवी येते, नवी जाते. २०२०मध्ये कागद दोन-तीन दिवस बाजूला ठेवूनच हात लावायची पद्धत होती. कोरोनाचा प्रसार मुख्यतः हवेतून होतो आणि वस्तूंवरून धोका कमी असतो, हे पुढे स्पष्ट झालं. दुसऱ्या कुठल्या साथीत नियम वेगळा असू शकतो, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्या.

तपासलेला कागद परत जायलाच हवा, त्यावर एक ओळ तुमच्या हाताने लिहिलेली हवी. “छान” लिहू नका. “तिसऱ्या गणितात हातचा विसरलास, पुन्हा कर” असं लिहा. दोन आठवडे नुसती बरोबरची खूण गेली की तिसऱ्या आठवड्यात कोरे कागद यायला लागतात.

बिघाड हमखास होतो तो असा: अक्षर मोठ्या ताईचं असतं किंवा उत्तरं गाईडातली. रागावू नका, पडताळा घ्या. दिवसाला पाच मुलांना तीन-तीन मिनिटांचा फोन करा, म्हणजे तीस मुलं सहा दिवसांत होतात. कागदावरचंच एक उदाहरण आकडे बदलून तोंडी विचारा. वहीत कागदाची खूण आणि फोनची खूण शेजारी लिहा. दोन्ही जुळत नसतील तर फोनची खरी.

गठ्ठे कायम दोन आठवड्यांचे पुढचे तयार ठेवा. साथीत शिक्षकाला सर्वेक्षणाला, नाक्यावर किंवा लसीकरण केंद्रावर बसवतात. आदेश रात्री येतो आणि सकाळी हजर व्हायचं असतं.

काय गाळायचं, हे ठरवायला घाबरू नका. २०२०-२१मध्ये राज्यानेच पाठ्यक्रम २५ टक्क्यांनी कमी केला होता. तिसरी-चौथीपर्यंत वाचन, लेखन आणि चार मूलभूत क्रिया सोडून बाकी सगळं थांबलं तरी चालतं. भूगोलाचा धडा पुढच्या वर्षी भरून काढता येतो. न वाचता येणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षीचा एकही धडा भरून काढता येत नाही.

ओट्यावरचा वर्ग

‘क’ गटासाठी, आणि संसर्ग कमी असतानाच. ग्रामपंचायत आणि आशाताई यांचा होकार घ्या. पाच-सहा मुलं, देवळाचा सभामंडप किंवा तीन बाजू उघडी असलेली पडवी, चुन्याने सहा-सहा फुटांवर काढलेले गोल, पाऊण तास. पावसाळ्यात पत्र्याखाली बसू नका, सरीच्या आवाजात काही ऐकू येत नाही. सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, पालघरकडच्या आदिवासी पाड्यांवर लाऊडस्पीकर नेऊन पाठ ऐकवले गेले. दोन्ही गोष्टी चांगल्या, पण मुलाचं उत्तर ऐकणारं कुणीतरी समोर लागतंच. गावातली बारावी झालेली मुलगी या कामाला सर्वांत योग्य. तिला आठवड्याचा गठ्ठा अर्धा तास समजावून द्या.

न दिसणारी मुलं

सलग दोन आठवडे पिशवी आली नाही की तिसऱ्या आठवड्यात घरी जा. फोनवर “ताप होता” ऐकून वाट बघू नका. मुलगा हॉटेलात कामाला लागलेला असतो, मुलीचं लग्न ठरत असतं; दोन्हींत उशीर झाला की परतीचा रस्ता बंद. स्थलांतरित कुटुंबाच्या मुलाला निघण्याआधी शिक्षण हमी कार्ड (जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलेलं कार्ड) द्या, मुकादमाचा नंबर लिहून घ्या आणि चार आठवड्यांचे कागद बरोबर बांधून द्या.

शाळा बंद असताना पोषण आहाराचा कोरडा शिधा घरी दिला जातो, त्या वाटपाचा दिवस इथे उपयोगी पडतो. पहिली ते पाचवीला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, म्हणजे २५ दिवसांचा अनुक्रमे अडीच किलो आणि पावणेचार किलो. तो घ्यायला घरचं कुणीतरी येतंच. त्याच टेबलावर पटाची यादी ठेवा आणि मूल कुठे आहे ते विचारून घ्या.

कुलूप उघडताना

आठवडाभर आधी जा. पाण्याची टाकी रिकामी करून घासा. कपाटं, स्वच्छतागृह आणि बस्करपट्ट्यांची गुंडाळी काठीने हलवून बघा, विंचू आणि साप तिथेच बसतात. थकलेल्या बिलापायी वीज तोडली असेल तर ती जोडून घ्यायला वेळ लागतो. शाळेत विलगीकरण कक्ष होता का, तेही बघा. असेल तर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने पुसून घ्या: ५ टक्के द्रावणाचा एक भाग, पाण्याचे चार भाग, रोज ताजं करा. त्यात संडास धुण्याचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मुलांवर फवारायचं तर अजिबात नाही.

वीस बाय वीस फुटांच्या खोलीत सहा फुटांचं अंतर ठेवून चार रांगांत सोळा मुलं बसतात. एक रांग शिक्षकाला सोडली तर बारा. पट जास्त असेल तर दिवसाआड अर्धा वर्ग बोलवा आणि घरच्या दिवसासाठी गठ्ठा चालू ठेवा. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या हव्यात, थंडीतसुद्धा.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नका. प्रत्येक मुलाला दोन मिनिटं वाचायला लावा आणि चार रकान्यांत नाव टाका: अक्षरं, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितालाही तसंच: अंक ओळख, बेरीज, हातच्याची वजाबाकी, भागाकार. मग तिसरी ते पाचवीची मुलं रोज तासभर इयत्ता विसरून या रकान्यांप्रमाणे बसवा. पाचवीचा मुलगा अक्षरांच्या गटात लाजतो. त्याला धाकट्यांचे कागद वाटायचं काम द्या आणि आठवड्याला पातळी पुन्हा तपासा, म्हणजे त्या गटात तो फार दिवस राहत नाही.

जुलै २०२१च्या सेतू अभ्यासक्रमात, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी करून घेणाऱ्या अभ्यासक्रमात, ४५ दिवस आणि मध्ये तीन चाचण्या होत्या. दर पंधरा दिवसांनी तपासण्याची ती लय चांगली आहे, तेवढी उचला. मुदत संपली म्हणून गट मोडू नका. तिसऱ्या चाचणीनंतरही शब्दांवर अडकलेली तीन-चार नावं वहीत उरतील. त्या मुलांना परिपाठानंतर रोज वीस मिनिटं वेगळं घेऊन बसा, पुढच्या एप्रिलपर्यंत.