मोजून दलिया करताय? मग या चुका टाळा

दलियाच्या कॅलरी मोजणाऱ्यांचा हिशेब बहुतेक वेळा एकाच जागी फसतो: वजन कच्च्याचं घ्यायचं की शिजलेल्याचं. मागच्या उन्हाळ्यात हीच चूक आमच्या घरात झाली आणि तीन आठवडे कोणाच्या लक्षातही आली नाही.

माझी धाकटी जाऊ रोज सकाळी वाडग्यात 250 ग्रॅम शिजलेला दलिया घ्यायची आणि मोबाइलमधल्या अ‍ॅपवर 'दलिया, 250 ग्रॅम' अशी नोंद करायची. ती नोंद होती कच्च्या दलियाची. कच्च्यात 100 ग्रॅमला साधारण 340 कॅलरी, म्हणजे अ‍ॅपने दाखवल्या 850. बिचारी घाबरली. आधी नाश्ता निम्मा केला, मग दुपारची पोळी सोडली. मे महिना, पारा 45 च्या घरात, आणि नागपूरच्या सीताबर्डी बाजारात खरेदी करता करता तिला घेरी आली. दुकानदाराने खुर्चीवर बसवून पाणी दिलं म्हणून निभावलं. घरी आल्यावर मला म्हणते, "ताई, मी तर सगळं मोजूनच खाऊन राहिली ना, मग असं कसं झालं?" मोजत होती हे खरंच, पण दलिया पाणी पिऊन फुगल्यावर. पाण्याला कॅलरी नसते. काट्यावर जे वाढलेलं दिसतं, ते बहुतेक पाणीच असतं.

मी काय करते ते सांगते. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवलंय. माझं पातेलं 640 ग्रॅमचं आहे. चौघांसाठी कच्चा दलिया 120 ग्रॅम (408 कॅलरी), टोन्ड दूध 400 मिली (साधारण 232), तूप 10 ग्रॅम (90), गूळ 30 ग्रॅम (115 धरा). एकूण 845. पाणी हवं तेवढं. शिजल्यावर पातेल्यासकट वजन भरलं 1,540, म्हणजे आतला दलिया 900 ग्रॅम. 845 ला 900 ने भागलं की 100 ग्रॅमला 94 कॅलरी निघतात. जावेच्या त्या 250 ग्रॅमच्या वाडग्यात 235 च होत्या. अख्ख्या पातेल्याचा आकडा ती रोज एकटीच्या नावावर टाकत होती.

नंतर दलिया घट्ट झाला म्हणून पाणी घातलंत, तर पुन्हा वजन करा. पातेल्यातल्या कॅलरी तेवढ्याच राहतात, 100 ग्रॅममागचा आकडा मात्र उतरतो. कुकरमध्ये शिजवत असाल तर आतला डबा वापरा आणि त्याचं रिकामं वजन लिहून ठेवा.

'एक वाटी दलिया' अशी तयार नोंद निवडणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, तो आडमार्ग सोडा. कोणाची वाटी? माझ्याच घरातल्या तीन वाट्यांमध्ये सपाट भरून 110, 145 आणि 170 ग्रॅम दलिया बसतो. किराण्यातून सुटा आणलेला जाडा आणि बारीक दलिया एकाच वाटीत वेगवेगळा भरतो, तो फरक आणखी वेगळा. काटा घ्यायला पैसे लागतात हे मान्य, पण घेतल्यावर तो कपाटात ठेवून वाटीने मोजण्यात काय अर्थ आहे?

काट्याबद्दलही एक गोष्ट लोक ऐकत नाहीत. काटा पंख्याखाली किंवा कुलरच्या झोतात ठेवू नका. आपल्याकडे मार्च संपला की कुलर सुरू होतो आणि स्वयंपाकघरापर्यंत वारा येतो. पाच ग्रॅम तूप मोजताना आकडा 4, 7, 5 असा नाचत असेल तर दोष बहुधा काट्याचा नाही, वाऱ्याचा आहे. मी तेवढ्या मिनिटापुरता पंखा बंद करते. दुसरं म्हणजे, हळूहळू मोजत बसलात की काटा आपोआप बंद पडतो आणि शून्यावर आणलेलं भांडं पुन्हा वजनात धरलं जातं. म्हणून मी सगळे जिन्नस आधी ओट्यावर मांडून घेते, मगच काटा सुरू करते.

तूप. दलिया भाजताना घातलेलं तूप 'भाजण्यात जातं' असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय. कुठे जातं? दलियातच मुरतं. एका ग्रॅमला 9 कॅलरी, आणि पोह्याच्या चमच्यात किती येतं ते एकदा स्वतः तोलून बघा.

गूळ साखरेपेक्षा हलका नाही, दोन्ही जवळपास सारखेच. मधही चमच्याने ओतू नका, तोलूनच घ्या.

दुधाच्या पिशवीवरचा आकडा वाचा. टोन्ड आणि फुल क्रीममध्ये 100 मिलीला पंचवीस-तीस कॅलरींचा फरक पडतो. गवळ्याकडचं म्हशीचं दूध असेल तर 110 धरून चाला.

ओट्सच्या मसाला पाकिटावर आकडा 100 ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे बघितल्याशिवाय नोंद करू नका.

बदाम मोजून टाका, मुठीने नाही. दहा बदामांच्या साधारण 70 कॅलरी होतात.

संत्रं घालायचं तर सोलून, बिया काढून मग वजन करा. गरम दुधाच्या दलियात ते घातलं की दूध फाटतं. संत्र्याच्या दिवसांत मी दलिया नुसत्या पाण्यात शिजवते, कोमट होऊ देते आणि फोडी वरून घालते. गूळही निम्माच लागतो.

आणि नव्याने सुरू केलेल्यांनो, चौथ्या दिवशी वजन उतरलं नाही म्हणून कच्चा दलिया 40 ग्रॅमवरून 20 वर आणू नका. अकरा वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात आणि पाय आपोआप तर्री पोह्यांच्या ठेल्याकडे वळतात. ती प्लेट मग कोणी अ‍ॅपमध्ये लिहीत नाही. जावेला मी पुन्हा 250 ग्रॅमचा पूर्ण वाडगा आणि दुपारची पोळी सुरू करायला लावली. आता तिच्याही कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवलेला आहे, पातेलं 710 ग्रॅम.