वादविवादात पोट्ट्यांना कसं उतरवायचं

राजेहो, दारव्ह्याकडच्या आमच्या गावात समलिंगी विवाहाचा विषय निघाला की पारावर ‘आपली संस्कृती’ सुरू होते. तिथं निकाल हाताशी ठेवा: २०१८ ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून काढले, १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्न मूलभूत हक्क मानलं नाही, कायद्याचं काम संसदेवर सोडलं. म्हणजे दारूगोळा दोन्हीकडे. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडा, मगच खोडा.

वादाचा विषय तृतीयपंथींची शौचालयं असला, तर सुप्रीम कोर्टाचा तृतीयपंथींच्या हक्कांवरचा २०१४ चा नालसा निकाल वाचा, त्यात स्वतंत्र सार्वजनिक शौचालयांचे निर्देश आहेत. पण एसटी स्टँडवर तृतीयपंथीची कशी पंचाईत होते, ते तिलाच विचारा.

उपग्रह इंटरनेटचा विषय सोपा. भूस्थिर, म्हणजे आकाशात एकाच जागी दिसणारे उपग्रह ३५,७८६ किमीवर, स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेचे फारच खाली. म्हणून स्टारलिंकवर सिग्नलचं उत्तर लवकर येतं. टिनावरच्या डिशचे पैसे कोण भरणार, हे विचारणारा पोट्टा बहुतेक जिंकते.