घरच्या अत्तरात इसेन्शियल ऑइल मिसळताना या चुका टाळा

घरी रोल-ऑन अत्तर तयार करणाऱ्या बहुतेकांना ‘एकूण दोन ते तीन टक्के इसेन्शियल ऑइल (वनस्पतींतून काढलेले तीव्र सुगंधी तेल) चालते’ हा नियम ठाऊक असतो, आणि तोच नियम अर्धवट पाळल्यामुळे मनगटावर चट्टे उठतात. हा आकडा संपूर्ण मिश्रणाचा आहे. त्या दोन-तीन टक्क्यांमध्ये कोणते तेल किती असावे, हा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण प्रत्येक तेलाची त्वचेवरील कमाल मर्यादा निरनिराळी असते. चंदनाचे तेल दोन टक्क्यांपर्यंत चालते. लवंगेच्या कळीच्या तेलाची प्रचलित मर्यादा सुमारे ०.५ टक्के, गवती चहाच्या तेलाची ०.७ टक्के, इलँग-इलँग या फुलाच्या तेलाची ०.८ टक्के आणि दालचिनीच्या सालीच्या तेलाची तर अवघी ०.०७ टक्के आहे. त्यामुळे ‘मी एकूण दोनच टक्के तेल घातले’ असे म्हणणाऱ्याने त्यातले अर्धे दालचिनीच्या सालीचे घातले असेल, तर त्याने मर्यादा चौदा पटींनी ओलांडलेली असते.

याच गैरसमजाचे दुसरे रूप बाजारातील परफ्यूमकडे पाहून तयार होते. ‘ओ द पार्फम’ या प्रकारच्या परफ्यूममध्ये साधारण १५ ते २० टक्के सुगंधद्रव्य असते, मग आपण का घालू नये, असा युक्तिवाद केला जातो. मात्र त्या सुगंधद्रव्यात अनेक घटक असतात आणि जे घटक त्रासदायक ठरू शकतात, त्यांच्यावर स्वतंत्र मर्यादा असते. १९७३ साली स्थापन झालेली ‘इफ्रा’ ही आंतरराष्ट्रीय सुगंध संघटना अशा मर्यादा उत्पादनाच्या प्रकारानुसार ठरवते. अंगाला लावून तसेच ठेवायचे अत्तर आणि धुऊन टाकायचा साबण यांचे आकडे एकच नसतात, म्हणून साबणाची कृती वाचून अत्तर करू नये.

थेंब मोजण्यातील गोंधळ

एक मिली म्हणजे वीस थेंब, असे सर्वत्र लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात थेंबाचा आकार बाटलीच्या तोंडावर, ड्रॉपरवर, तेलाच्या दाटपणावर आणि खोलीच्या तापमानावर अवलंबून असतो. वाळ्याचे घट्ट तेल आणि लिंबाचे पातळ तेल यांचे थेंब सारखे पडत नाहीत. मोठ्या बाटलीत हा फरक खपून जातो, पण १० मिलीच्या रोल-ऑनमध्ये खपत नाही. बर्गामॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाची मर्यादा ०.४ टक्के आहे, म्हणजे १० मिलीत ०.०४ मिली. वीस थेंबांचा हिशेब धरला तर एक थेंब ०.०५ मिलीचा होतो, अर्थात पहिल्याच थेंबाला मर्यादा ओलांडली जाते. दालचिनीच्या सालीच्या तेलाच्या बाबतीत तर थेंबाचा सातवा हिस्सा घालावा लागेल, आणि तो कोणत्याही ड्रॉपरने पडणार नाही.

यावरचा उपाय सोपा असूनही फार थोडे लोक तो करतात. तीव्र तेल आधीच विरल करून ठेवावे. १ ग्रॅम बर्गामॉट ९ ग्रॅम जोजोबा तेलात (अत्तराचा आधार म्हणून वापरले जाणारे सौम्य तेल) मिसळले की १० टक्क्यांचे द्रावण तयार होते. १० ग्रॅम अत्तरासाठी त्यातले ०.४ ग्रॅम घेतले की नेमके ०.०४ ग्रॅम बर्गामॉट पडते. दालचिनीच्या सालीचे तेल याच रीतीने दोनदा विरल करून १ टक्क्यावर आणावे आणि त्यातले जास्तीत जास्त ०.७ ग्रॅम घ्यावे. यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. माझ्या मते महागड्या गुलाबतेलाच्या आधी हा काटा विकत घ्यावा.

वेगवेगळ्या बाटल्या, घटक तोच

दिवाळीच्या सुमारास मसाल्याच्या वासाची अत्तरे करण्याचा उत्साह असतो आणि त्यात लवंग, दालचिनीचे पान आणि तुळस ही तिन्ही तेले एकत्र येतात. लवंगेच्या आणि दालचिनीच्या पानाच्या तेलाचा मोठा भाग युजेनॉल या एकाच रसायनाचा असतो आणि तुळशीच्या अनेक प्रकारांतही ते बरेच असते. प्रत्येक तेल आपापल्या मर्यादेत घातले, तरी त्वचेला मिळणाऱ्या युजेनॉलची बेरीज होते. गवती चहा, मे चँग आणि मेलिसा या लिंबासारख्या वासाच्या वनस्पतींच्या तेलांबाबतीत हीच गोष्ट सिट्रल या घटकामुळे घडते. म्हणून अशा गटातील दोन तेले वापरायची असतील, तर प्रत्येकाचे प्रमाण आपल्या मर्यादेच्या निम्म्यावर आणावे.

उन्हात उमटणारे डाग

साल दाबून काढलेल्या काही लिंबूवर्गीय तेलांमध्ये फ्युरोकुमारिन नावाची द्रव्ये असतात. बर्गामॉटमधील बर्गाप्टेन हे त्यांपैकी सर्वांत परिचित. असे तेल त्वचेवर असताना ऊन लागले, तर भाजल्यासारखी लाली येते, कधी फोड येतात आणि मागे राहणारा काळसर डाग महिनोन्महिने जात नाही. ही ॲलर्जी नव्हे, त्यामुळे ‘मला कधी कशाची ॲलर्जी नाही’ या भरवशाचा येथे उपयोग नाही. पुरेसे तेल आणि पुरेसे ऊन मिळाले, तर हा त्रास कोणालाही होऊ शकतो. अत्तर लावण्याच्या जागा, म्हणजे मान आणि मनगट, आपल्याकडे वर्षभर उघड्याच असतात, हे लक्षात घेतले पाहिजे.

दाबून काढलेल्या तेलांपैकी लेमनची मर्यादा सुमारे २ टक्के आणि लाइमची, म्हणजे आपल्या कागदी लिंबाच्या जातीची, ०.७ टक्के मानली जाते. ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफेच्या साहाय्याने काढलेल्या लेमन आणि लाइमच्या तेलांना हा धोका लागू नाही आणि गोड संत्र्याच्या तेलालाही नाही. बर्गामॉटचाच सुगंध हवा असेल, तर फ्युरोकुमारिन काढून टाकलेले तेल मिळते. बाटलीवर ‘एफसीएफ’ (फ्युरोकुमारिन-फ्री) अशी अक्षरे असतात. मर्यादेपेक्षा जास्त प्रमाण पडलेच असेल, तर ते अत्तर कपड्यांखाली झाकल्या जाणाऱ्या जागी लावावे, नाहीतर निदान बारा तास ती जागा उन्हापासून जपावी. येथेही बेरजेचा नियम आहेच: बर्गामॉट आणि लाइम दोन्ही हवे असतील, तर ०.२ आणि ०.३५ टक्के.

पाणी, गुलाबजल आणि स्पिरिट

गुलाबजलात तेलाचे थेंब टाकून बाटली हलवली की ते मिसळले, असे वाटते. काही मिनिटांत तेल पुन्हा वर तरंगते. स्प्रेची नळी तळातून द्रव ओढते, त्यामुळे सुरुवातीला जवळपास नुसते पाणी उडते आणि बाटली संपताना जवळजवळ शुद्ध तेल त्वचेवर येते. पॉलिसॉर्बेट २० सारखे तेल पाण्यात मिसळवून ठेवणारे द्रव्य आणि योग्य प्रिझर्व्हेटिव्ह वापरायचे नसेल, तर पाण्याचा मार्ग सोडून द्यावा. रंगाच्या दुकानातील स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकते, त्यामुळे ते त्वचेसाठी वर्ज्य आहे. सुगंधद्रव्यांच्या विक्रेत्याकडून परफ्यूमसाठीचेच अल्कोहोल घ्यावे आणि ते ओतताना जवळ गॅस किंवा निरांजन पेटलेले नसावे. अल्कोहोलमधले अत्तर गढूळ झाले, तर त्यात पाण्याचा अंश जास्त झालेला असतो. खोबरेल तेलातील रोल-ऑन थंडीत गोठून अडकते, कारण ते तेल सुमारे २४ अंशांखाली घट्ट होते. जोजोबा किंवा फ्रॅक्शनेटेड (घट्ट होणारा भाग काढून टाकलेले) खोबरेल वापरल्यास ही अडचण येत नाही.

वास टिकत नाही म्हणून वाढवलेले थेंब

ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते आणि तिच्यावर केला जाणारा उपाय सर्वांत चुकीचा असतो. लिंबूवर्गीय तेले स्वभावतःच लवकर उडतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण दुप्पट केल्याने धोका दुप्पट होतो, टिकाऊपणा मात्र फारसा वाढत नाही. वाळा, पाचोली किंवा चंदन यांपैकी सावकाश उडणारे एखादे तेल तळाला घालावे आणि मिश्रण दोन-तीन आठवडे अंधारात मुरू द्यावे. शिवाय तासभर तेलांच्या बाटल्या हुंगलेले नाक थकलेले असते. त्या अवस्थेत प्रमाण वाढवण्याचा निर्णय घेऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वास घ्यावा.

जुन्या बाटलीतील तेलही याच कारणासाठी जास्त ओतले जाते. अनेक सुगंधी तेलांतील लिमोनिन आणि लिनालूल हे घटक हवेच्या संपर्काने ऑक्सिडाइझ होतात आणि त्यातून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइड्स मूळ घटकांपेक्षा कितीतरी जास्त ॲलर्जीकारक असतात. अर्धी रिकामी, खिडकीत राहिलेली संत्र्याची बाटली अत्तरात वापरू नये. गडद काचेची छोटी बाटली, घट्ट झाकण आणि शक्य असल्यास फ्रीज, एवढी व्यवस्था पुरते.

मोगरा आणि चाफा यांच्या नावाने अगदी स्वस्तात मिळणारी ‘शुद्ध इसेन्शियल ऑइल’ बहुतेक वेळा कृत्रिम सुगंधतेले असतात, कारण या फुलांचा अर्क काढण्यास प्रचंड फुले लागतात. कृत्रिम असणे हा दोष नाही. प्रमाण माहीत नसणे हा दोष आहे. विक्रेत्याकडे त्या तेलाचे इफ्रा प्रमाणपत्र मागावे, आणि ते मिळाले नाही तर ते तेल त्वचेच्या अत्तरात घालू नये.

चाचणी आणि त्रास झाल्यास

तयार अत्तराचा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी. चाचणी विरल केलेल्या मिश्रणाचीच करावी, शुद्ध तेलाची कधीही नाही. मात्र चाचणी निर्धोक गेली म्हणजे पुढेही त्रास होणार नाही, असे नसते. संवेदनशीलता अनेक वापरांनंतर उद्भवू शकते, आणि एकदा उद्भवली की सहसा आयुष्यभर राहते. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि एक्झिमाचे रुग्ण यांच्यासाठी घरगुती अत्तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

शुद्ध तेल अंगावर सांडले, तर ती जागा आधी साध्या खाद्यतेलाच्या बोळ्याने पुसून मग साबणाने धुवावी; डोळ्यात गेले, तर भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. पुरळ आले, तर ते अत्तर लगेच बंद करावे. प्रत्येक बाटलीवर तारीख, तेलांची नावे आणि त्यांची टक्केवारी लिहिलेली असेल, भेट दिलेल्या बाटलीवरही, तर त्वचारोगतज्ज्ञाला कोणत्या घटकांची पॅच टेस्ट करायची हे ती चिठ्ठी पाहूनच ठरवता येते.