'ऑल सोल्स' मालिका कशी वाचावी : पोथ्या सांभाळणाऱ्या बाईकडून

'ऑल सोल्स' ही चेटकिणी आणि व्हॅम्पायर यांची इंग्रजी कादंबरीमालिका. तिच्या पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण दोनदा वाचा. एकदा गोष्टीसाठी आणि लगेच दुसऱ्यांदा, हातात पेन्सिल घेऊन. पुढे जाडजूड पुस्तकांची रांग आहे, पण त्या सगळ्यांची किल्ली या प्रकरणात आहे.

मी अठ्ठावीस वर्षं एका ग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात काढली. मागणीची चिठ्ठी घ्यायची, आत जाऊन क्रमांक शोधायचा, लाल बासन सोडून पोथी अभ्यासकापुढे ठेवायची, संध्याकाळी पानं मोजून पुन्हा बांधायची. डेबोरा हार्कनेस यांच्या 'अ डिस्कव्हरी ऑफ विचेस'मध्ये (२०११) डायना बिशप ही इतिहासाची अभ्यासक ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात बसून किमयेवरची, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करायच्या विद्येवरची, हस्तलिखितं मागवते. त्यातलं एक हाताला वेगळंच लागतं. सुरुवातीची पानं कापलेली, चित्रांत चुका, आणि त्या पानांखाली आणखी काही लिहिलेलं. डायना जन्माने चेटकीण आहे, पण लहानपणी आई-वडील मारले गेल्यापासून तिने जादूकडे पाठ फिरवली आहे. ती काय करते? नोंदी घेते आणि ते हस्तलिखित काउंटरवर परत करते. तिथे मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. पोथीशी इमान राखणारं माणूसच असं वागतं. पुढचा सगळा गोंधळ या परत करण्यातून उभा राहतो, म्हणून ते नीट पाहून घ्या.

आता एक वही घ्या आणि पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा 'नोंदीत आहे', उजवीकडे लिहा 'लेखिकेने रचलं'. डावीकडची पहिली नोंद करा : अ‍ॅशमोल ७८२. एलायस अ‍ॅशमोल (१६१७–१६९२) या संग्राहकाची हस्तलिखितं आज बॉडलियनमध्ये आहेत, आणि त्यांतला ७८२ हा क्रमांक खरोखरच बेपत्ता आहे. क्रमांक आहे, वस्तू नाही. आमच्याकडे एका वर्षी साठा तपासताना असंच एक बासन निघालं होतं. कापड जागेवर, दोन्ही लाकडी पाट्या जागेवर, मधली पानं नाहीत. नोंदवहीत 'जागेवर नाही' असं लिहिताना माझा हात जड झाला होता. ते तीन शब्द लिहिणाऱ्याला कायम वाटत राहतं की पोथी कुठेतरी आहे, कुणीतरी ती मागायची वाट बघते आहे. हार्कनेस यांनी नेमकी ही रिकामी जागा उचलली आणि त्यात कादंबरी बसवली.

त्यांना हे जमलं, कारण त्या स्वतः त्याच खुर्चीत बसलेल्या आहेत. त्या विज्ञानाच्या इतिहासाच्या प्राध्यापक, लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात शिकवतात. एलिझाबेथ राणीच्या काळातला गणिती आणि गूढविद्येचा अभ्यासक जॉन डी याच्या देवदूतांशी झालेल्या संवादांवर त्यांचा ग्रंथ आहे (१९९९), आणि त्या काळच्या लंडनमधल्या विज्ञानावर 'द ज्युएल हाउस' (२००७). पण मला सगळ्यांत जास्त आवडते ती १९९४ मधली गोष्ट. डी याच्याकडे 'सोयगा' नावाचं एक पुस्तक होतं आणि ते हरवलं अशी समजूत होती. ते हार्कनेस यांना सापडलं, एक प्रत बॉडलियनमध्ये, एक ब्रिटिश लायब्ररीत. यादीत ते 'अल्डाराया' या दुसऱ्या नावाखाली नोंदलेलं होतं. म्हणजे पुस्तक कधी हरवलंच नव्हतं! आपल्या पोथ्यांतही एकच ग्रंथ दोन नावांनी लागलेला असतो आणि अभ्यासक वर्षानुवर्षं भलत्याच कपाटात शोधत राहतो. ही हकिकत मनात ठेवून पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. हस्तलिखित हातात येण्याचा क्षण इतका खरा का वाटतो, ते कळेल.

वाचायला बसण्याआधी एक शब्द मात्र नीट धुऊन घ्यायला हवा, तो म्हणजे चेटकीण. आपल्या कानाला त्यात विस्कटलेले केस आणि उलटी पावलं ऐकू येतात. हार्कनेस यांच्या जगात माणसांबरोबर तीन जाती राहतात : चेटूक जाणणारे, व्हॅम्पायर आणि डीमन. डीमन म्हणजे राक्षस नव्हे, तर विलक्षण प्रतिभेची, अस्वस्थ माणसं. चेटूक तिथे रक्तातून येतं, जसं गाण्याच्या घरात गळा येतो. आणि तरी त्या शब्दाच्या मागे मरण आहे, हे विसरून चालणार नाही. डायनाचं आडनाव बिशप आहे, आणि ब्रिजेट बिशप ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमला चाललेल्या चेटुकाच्या खटल्यांत फाशी गेलेली पहिली बाई होती, १० जून १६९२ रोजी. त्या खटल्यांत एकोणीस जणांना फाशी झाली, एकाला दगडांखाली चिरडून मारलं. जाळलं कुणालाच नाही. ही चुकीची समजूत अनेकांची असते, तीही वहीत दुरुस्त करून ठेवा.

माझी भाची बोस्टनजवळ राहते. तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला सेलमला नेलं. जुन्या दफनभूमीला लागून दगडी भिंतीचं छोटं आवार आहे, १९९२ मध्ये बांधलेलं. भिंतीतून वीस दगडी बाक बाहेर आलेले आहेत, एकेका बाकावर एकेक नाव, मरण कसं आलं ते आणि तारीख. ब्रिजेट बिशपच्या बाकावर कुणीतरी एक सुकलेलं फूल ठेवलं होतं आणि त्याच्याखाली एक नाणं. भाची म्हणाली, "मावशी, बस ना थोडी." मी नाही बसले. नावावर कसं बसायचं? मॅसॅच्युसेट्सच्या सरकारने कायदा करून तिचं नाव घेऊन तिला निर्दोष ठरवलं ते २००१ साली, तीनशे नऊ वर्षांनी. आपल्याकडे सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला, डाकीण ठरवून बाईला मारल्याच्या बातम्या आपल्याच हयातीतल्या आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आपल्याला करावा लागला. म्हणून या मालिकेत डायना आपली शक्ती लपवते, ती बाहेर पडली की घाबरते, ते प्रसंग भराभर उलटू नका. ती भीती घराण्यातून आलेली आहे.

पहिल्या भागाचा मधला टप्पा संथ आहे. चहा, नौकानयन, योगाचा वर्ग, वाइनची लांबलचक वर्णनं. वाइन आवडत नसेल तर ती पानं सोडली तरी काही बिघडत नाही. जेवणाची सोडू नका, त्यांत माणसं कळतात.

मॅथ्यू क्लेअरमाँट हा दीड हजार वर्षांचा व्हॅम्पायर आणि आजचा शास्त्रज्ञ. त्याच्यावर अनेक वाचक रागावतात, मीही रागावले. तो डायनाला न विचारता ठरवतो, तिला सुरक्षित ठेवायच्या नावाखाली दारं बंद करतो. हा राग गिळू नका. डायना जिथे जिथे 'नाही' म्हणते तिथे समासात खूण करत चला. माझ्या प्रतीत पहिल्या भागात खुणा विरळ आहेत आणि तिसऱ्यात दाट. त्या खुणांच्या आधारे वाचलं की हे प्रेमापेक्षा एका बाईच्या हाती आपली शक्ती येण्याचं पुस्तक वाटू लागतं. मला ते तसंच वाटतं.

दुसरा भाग, 'शॅडो ऑफ नाइट' (२०१२), शेवटाकडून उघडा. मागे पात्रांची यादी आहे, आणि जी माणसं इतिहासात खरोखर होऊन गेली त्यांच्या नावाला चांदणी आहे. ती यादी आधी वहीत उतरवा. कारण इथे डायना आणि मॅथ्यू १५९० मध्ये जातात आणि खोलीत एकदम गर्दी होते : नाटककार क्रिस्टोफर मार्लो, वॉल्टर रॅले, गणिती थॉमस हॅरियट, पुढे प्रागमध्ये सम्राट दुसरा रुडॉल्फ. यादी नसेल तर शंभराव्या पानापर्यंत वाचक दमतो. मार्लो डावीकडे लिहा, तो डीमन होता हे उजवीकडे. मेरी सिडनीजवळ मात्र थांबा. ही उमराव घराण्यातली कवयित्री कादंबरीत भट्टी पेटवून किमयेचे प्रयोग करते, आणि तिला रसायनांची आवड होती हे खरंच आहे. बायका त्या काळी स्वयंपाकघरात आणि माजघरात विज्ञान करत होत्या, हे हार्कनेस यांना संशोधक म्हणून माहीत होतं आणि कादंबरीकार म्हणून दाखवता आलं. माझ्या आजीचं काढ्यांचं कपाट मला त्या पानांवर दिसलं.

याच भागात डायना 'विणकर' असल्याचं कळतं, म्हणजे दुसऱ्यांचे मंत्र म्हणणारी नव्हे, आपले नवे मंत्र विणणारी. गाठींचे प्रसंग वाचताना हातात दोरा घ्या आणि खरोखर गाठ मारून बघा.

तिसरा भाग 'द बुक ऑफ लाइफ' (२०१४) लगेच वाचा, मध्ये खंड नको. इथवर एक गोष्ट पूर्ण होते. तीन हंगामांची दूरदर्शन मालिका (२०१८–२०२२) इथपर्यंतचीच आहे, पण तिच्यात १५९० फार आटोपशीर झालं आहे. मालिका पाहिली असली तरी दुसरा भाग चुकवू नका. 'टाइम्स कन्व्हर्ट' (२०१८) हे मॅथ्यूचा व्हॅम्पायर मुलगा मार्कस याचं, अमेरिकी क्रांतीच्या काळातलं पुस्तक. ते सवडीने वाचा, मला त्यात पोथ्यांची उणीव भासली.

पाचव्याआधी, 'द ब्लॅक बर्ड ऑरॅकल'आधी (२०२४), पुन्हा वही काढा. आईकडून बिशप आणि वडिलांकडून प्रॉक्टर, असा डायनाचा वंशवृक्ष काढा. या भागात ती वडिलांच्या माणसांकडे जाते. जॉन प्रॉक्टरही सेलमलाच फाशी गेला, १९ ऑगस्ट १६९२ ला. माझ्या वहीत ही दोन नावं डावीकडे, एकाखाली एक आहेत, तारखांसकट.