लेझरला दोष देण्याआधी पावडर बघा : मेटल थ्रीडी प्रिंटिंगमध्ये या चुका टाळा

मेटल प्रिंटरमध्ये धातूच्या पावडरचा पातळ थर पसरतात, लेझरनं हवा तेवढा वितळवतात, आणि थरावर थर चढवून पार्ट घडतो. पार्टमध्ये भोकं आली, भेग पडली, प्रिंट केलेला मॅग्नेट लोखंड धरत नाही. काहीही झालं की नवा ऑपरेटर आधी लेझरच्या सेटिंगमध्ये हात घालतो. पॉवर वाढव, स्पीड कमी कर, हॅच (लेझरच्या रेघांमधलं अंतर) बदल. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! बहुतेक वेळा लफडं पावडरमध्ये असतं. पण पावडर तपासताना हात काळे होतात आणि सेटिंग खुर्चीत बसून बदलता येतं.

गार बाटली दमट हवेत उघडणे

या चुकीवर माझा खास राग आहे. चाकणच्या बाजूला एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियम-सिलिकॉनचे ब्रॅकेट प्रिंट होत होते. उन्हाळाभर उत्तम आलेला जॉब जुलैत बिघडला. तिथल्या इंजिनिअर पोरानं सेटिंग बदलून बदलून वही भरवली होती. कापून पॉलिश केलेले तुकडे त्यानं टेबलावर ओळीनं मांडले होते. भिंगाखाली धरले तर भोकं बारीक, गोल, आतून गुळगुळीत. ऊर्जा कमी पडली असती तर ती वेडीवाकडी, दोन थरांमध्ये आडवी पसरलेली दिसली असती, एखाद्यात न वितळलेला दाणाही सापडला असता. बारीक आणि गोल म्हणजे अडकलेला वायू. पॉवर अति झाली की गोलसर भोकं येतात, पण ती मोठी आणि वितळलेल्या भागाच्या तळाशी. या गड्यानं पॉवर वाढवत नेऊन ती दुसरी जातही पैदा केली होती.

पावडर एसी खोलीत २० अंशांवर ठेवलेली. बाहेर हॉलमध्ये २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली दव धरतं ते तापमान, २४ अंशांच्या आसपास असतो. बाटली बाहेर आणली की लगेच झाकण उघडायची पद्धत, म्हणजे गार दाण्यांवर दव धरणारच. लेझरखाली त्या पाण्याचा ऑक्सिजन ॲल्युमिनियमला चिकटतो आणि हायड्रोजन वितळलेल्या धातूत विरघळतो. धातू गोठताना हायड्रोजन सामावून घेण्याची त्याची क्षमता साधारण विसाव्या हिश्शावर येते, आणि राहिलेला वायू आतच बुडबुडा होऊन बसतो. प्रिंटरच्या बंद चेंबरमधला ऑक्सिजन ०.१ टक्क्याच्या खाली दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका, ओल दाण्यांवर बसूनच आत गेलेली असते.

माझी सवय : बाटली आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये आणून ठेवायची, झाकण सकाळपर्यंत बंद. मग बाटली आडवी करून पावडर कशी सरकते ते बघायचं. गठ्ठ्यानं ढासळली तर आधी व्हॅक्यूम ओव्हनमध्ये सुकवायची, तापमान पुरवठादार सांगेल तेवढंच. रीतसर चाचणी म्हणजे ५० ग्रॅम पावडर २.५ मिमी भोकाच्या नरसाळ्यातून किती सेकंदांत पडते ते मोजणं. तीही करा, पण बाटलीत बघायला पैसे पडत नाहीत. “मायक्रोवेव्हमध्ये सुकवली तर?” असं मला विचारणारे भेटले आहेत. नको, बाबांनो.

वापरलेली पावडर न चाळता परत भरू नका; उडालेले वितळके थेंब त्यात मोठे गोळे होऊन बसलेले असतात. कुठली बॅच कशात मिसळली ते त्याच दिवशी लिहा. पार्टमधला ताण काढायची हीट ट्रीटमेंट आधी, वायरकट (ज्या प्लेटवर प्रिंट झाला तिच्यावरून पार्ट तारेनं कापणं) नंतर. डिलिव्हरीची घाई असली तरी हाच क्रम, नाहीतर प्लेटवरून सुटता सुटता पार्ट केळ्यासारखा वाकतो. चेंबरमध्ये हवेच्या जागी भरलेला आर्गॉन वायू हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचून श्वास कोंडतो, तेव्हा खड्ड्यात किंवा बंद खोलीत उतरण्याआधी ऑक्सिजन मीटर बघा.

सांडलेली पावडर साध्या व्हॅक्यूम क्लीनरनं ओढणं हा तर शुद्ध वेडेपणा. त्याच्या मोटरच्या ब्रशमध्ये ठिणग्या उडतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न इथे नोव्हेंबर २०१३ मध्ये थ्रीडी प्रिंटिंगच्या एका कारखान्यात धातूच्या पावडरनं पेट घेतला आणि एक कामगार गंभीर भाजला. सरकारी तपासात ठिणगीची कारणं दूर न केल्याचा ठपका बसला. या कामाला पाण्याचं फिल्टर असलेला व्हॅक्यूमच लागतो, आणि त्याचाही गाळ रोज काढावा लागतो, कारण ओल्या पावडरमधून हायड्रोजन सुटतो. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारायचा नाही. डी वर्गाचं, म्हणजे धातूच्या आगीसाठीचं, अग्निशामक हाताशी हवं.

जुने मॅग्नेट कुटून पावडर करणे

एप्रिल २०२५ मध्ये चीननं दुर्मिळ मृदाधातूंच्या निर्यातीवर बंधनं आणल्यापासून हा उत्साह फारच वाढलाय. हार्डडिस्कमधले निओडिमियम मॅग्नेट काढायचे, हातोड्यानं फोडायचे आणि मिक्सरला लावायचे! ही बारीक पावडर हवेत आपोआप पेटू शकते. कारखान्यात मिश्रधातू आधी हायड्रोजननं भुसभुशीत करतात, मग जेट मिलमध्ये नायट्रोजनखाली ३ ते ५ मायक्रॉनपर्यंत दळतात. आणि तसं दळलेलं पीठसुद्धा आपल्या मशीनला चालत नाही. रिकोटरखाली (थर पसरवणारी पट्टी) सरकायला गोल, दहापट मोठे दाणे लागतात.

प्रिंट जमला तरी पुढची तक्रार ठरलेली. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, “साहेब, पार्ट लोखंडी कपाटालासुद्धा चिकटत नाही. लेझर कमी पडला का?” अहो, निओडिमियम मॅग्नेटचं चुंबकत्व ३१० अंशांच्या आसपास जातं, आणि तुमचा पार्ट तर वितळून घडलाय. मशीनमधून निघाल्यावर तो मॅग्नेटायझरमध्ये (चुंबकत्व भरायचं यंत्र) घालून ३ टेस्लाच्या वरच्या चुंबकी क्षेत्राचा क्षणभराचा पल्स द्यावाच लागतो. तरीही बाजारातल्या सिंटर्ड मॅग्नेटची (पावडर दाबून, भाजून केलेला) बरोबरी होणार नाही. तिथे दाबण्याआधी चुंबकी क्षेत्र लावून सगळे दाणे एका दिशेला वळवतात. प्रिंटमध्ये कण वाटेल तसे बसतात, त्यामुळे उरणारं चुंबकत्व ढोबळमानानं निम्मं. लेझरच्या कुठल्याही सेटिंगनं हे भरून निघत नाही. साधा ठोकळा किंवा रिंग हवी असेल तर विकत आणा. प्रिंटर आडव्यातिडव्या आकारासाठी ठेवा.

साडेसहा टक्के सिलिकॉनच्या लोखंडाची गोष्ट वेगळी. ते इतकं ठिसूळ की नेहमीसारखं लाटून पत्रा करणं महाकठीण, म्हणून मोटरच्या कोअरसाठी (तारेच्या गुंडाळीच्या आतला लोखंडी गाभा) प्रिंटिंगला तिथे खरा अर्थ आहे. पण अख्खा भरीव कोअर काढलात तर एडी करंटनं, म्हणजे लोखंडातच गोल फिरणाऱ्या विजेनं, तापेल. डिझाइनमध्येच बारीक फटी ठेवा, आणि प्रिंटनंतर ॲनिलिंग (तापवून हळूहळू थंड करणं) न करता लॉस, म्हणजे कोअरमध्ये वाया जाणारी ऊर्जा, मोजायला बसू नका. त्या आकड्यांवरून मला फोन तर मुळीच करू नका.