क्लाउडमधली फाइल: ‘नाही’ आणि ‘सांगता येत नाही’ यांतला फरक

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे एक छोटे काम आले होते. दर रात्री चालणारा एक प्रोग्रॅम मागील सर्व महिन्यांचे अहवाल पडताळत असे आणि राहिलेला अहवाल तयार करून ॲमेझॉनच्या एस३ साठवणीत ठेवत असे. आधीपासून असलेल्या अहवालाला त्याने हात लावायचा नव्हता, कारण लेखा विभागातील सहकारी त्यात नंतर स्वतः दुरुस्त्या करत. फाइल आहे की नाही हे तपासणारे फंक्शन मी दहा ओळींत लिहिले: चौकशी यशस्वी झाली तर ‘आहे’, कोणतीही एरर आली तर ‘नाही’.

काही महिन्यांनी परवानग्यांची फेररचना झाली. तीत या प्रोग्रॅमची वाचण्याची परवानगी चुकून काढली गेली, लिहिण्याची मात्र तशीच राहिली. त्या रात्री प्रत्येक चौकशीला ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, हे उत्तर आले, माझ्या फंक्शनने त्याचा अर्थ ‘फाइल नाही’ असा लावला आणि प्रोग्रॅमने सगळे जुने अहवाल नव्याने लिहिले. बकेटवर, म्हणजे फाइली ज्या कप्प्यात राहतात त्यावर, व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय) सुरू नव्हते, त्यामुळे दुरुस्त्या परत मिळाल्या नाहीत. सहकाऱ्यांना त्या पुन्हा कराव्या लागल्या, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून नवोदितांना मी पहिल्यांदा हे सांगतो की या प्रश्नाची उत्तरे दोन नसून तीन आहेत: आहे, नाही आणि सांगता येत नाही. एस३मध्ये चौकशीसाठी हेड विनंती वापरतात. तिच्यात फाइलचा मजकूर येत नाही, केवळ आकार, बदलाची वेळ यांसारखी माहिती येते, त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी ती उतरवून घ्यावी लागत नाही. फाइल नसेल तर ४०४ उत्तर येते, पण त्यासाठी बकेटमधील यादी पाहण्याची परवानगी लागते. ती नसेल तर नसलेल्या फाइलसाठीही ४०३च येते, आणि हे जाणूनबुजून केलेले आहे, कारण यादी पाहण्याचा अधिकार नसलेल्याला एखादे नाव तिथे आहे की नाही हेही कळू नये. तेव्हा केवळ ४०४ला ‘नाही’ समजावे आणि उरलेली प्रत्येक एरर फंक्शनमध्ये न दडपता त्याला बोलावणाऱ्या कोडकडे वर जाऊ द्यावी, मग त्यामुळे प्रोग्रॅम थांबला तरी चालेल. पायथॉनच्या बोटो३ लायब्ररीत आणखी एक बारकावा आहे: हेड विनंतीच्या उत्तराला मजकूरच नसल्यामुळे एररचा कोड ‘नो सच की’ (असे नाव नाही) असा न येता नुसता ‘४०४’ असा येतो, आणि तोही अंक म्हणून नव्हे, स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) म्हणून.

गूगलच्या साठवणीत नवख्यांची फसगत वेगळ्या ठिकाणी होते. तिथल्या पायथॉन लायब्ररीत बकेटकडून ‘ब्लॉब’ (फाइलसाठीचे तिथले नाव) मागितला की नेटवर्कवर काहीही न विचारता स्थानिक ऑब्जेक्ट हाती येतो. तो मिळाला म्हणजे फाइल आहे असे मुळीच नाही. खरी चौकशी ‘एक्झिस्ट्स’ किंवा ‘गेट ब्लॉब’ या मेथड करतात.

यादी मागवून तपासण्याचा मार्गही आहे, परंतु यादी नावाच्या सुरुवातीच्या भागावरून गाळली जाते. ‘अहवाल-१’ शोधल्यास ‘अहवाल-१०’ देखील सापडतो, म्हणून आलेले नाव पूर्ण जुळते का ते पाहावेच लागते. नावातील रोमन अक्षरे लहान की मोठी आणि सुरुवातीला तिरकी रेघ आहे की नाही, यांनीही फरक पडतो. साध्या एस३ बकेटमध्ये फोल्डर वस्तुतः नसतातच. आपल्याला फोल्डर वाटतो तो फाइलच्या लांबलचक नावाचाच भाग असतो.

नुकतीच लिहिलेली फाइल लगेच दिसेल याची खात्री नाही, थोडे थांबून पुन्हा विचारा, असा सल्ला जुन्या लेखनात आढळतो. डिसेंबर २०२० पासून एस३ ताजी स्थितीच दाखवते, त्यामुळे त्या कारणासाठी थांबण्याची गरज उरलेली नाही.

तरीही एक अडचण राहतेच. तपासणी आणि लेखन या दोन स्वतंत्र विनंत्या असल्यामुळे त्यांच्यामधल्या क्षणात दुसरा कोणी तीच फाइल लिहू शकतो, आणि तपासणीचा कोड कितीही काटेकोर असला तरी ही फट बुजत नाही. माझ्या त्या प्रोग्रॅमला खरे तर ‘फाइल आहे का’ हे विचारायचेच नव्हते; ‘नसेल तरच लिही’ असे सांगायचे होते. गूगलच्या साठवणीत जनरेशन (फाइलच्या आवृत्तीचा क्रमांक; शून्य म्हणजे फाइल नाही) शून्य असण्याची अट घालून हे करता येते, आणि एस३मध्ये ऑगस्ट २०२४ पासून ‘इफ नन मॅच’ या हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) तारांकन देऊन. फाइल आधीच असल्यास साठवण स्वतःच लेखन नाकारते आणि ४१२ उत्तर देते. आता असा कोड लिहिताना मी ४१२ला ‘अहवाल आधीच आहे’ असे समजून पुढच्या महिन्याकडे जातो, आणि ४०३ आल्यास प्रोग्रॅम तिथेच थांबवून सूचना पाठवतो.