प्रोजेक्टसाठी नेटवर खात्रीची माहिती शोधायला मुलांना कसं शिकवायचं

प्रोजेक्ट मिळाला की बहुतेक मुलं त्याचं अख्खं नाव गुगलमध्ये टाकतात, वरची पहिली लिंक उघडतात आणि कॉपी-पेस्ट करून मोकळी होतात. यात त्यांचा दोष नाही, शोधायचं कसं हे त्यांना कुणी शेजारी बसून दाखवलेलंच नसतं. ते दाखवता येतं, आणि सुट्टीच्या एखाद्या दुपारी सुरुवात नक्की होते.

आधी विषयाचा प्रश्न करून घ्या. नुसतं 'ज्वालामुखी' टाकलं तर ढिगाने काहीही येतं, पण 'ज्वालामुखीजवळची जमीन सुपीक का असते' असं विचारलं की आपल्याला काय हवंय हे मुलालाच कळायला लागतं. मराठीत शोधून झालं की तोच प्रश्न इंग्रजीतही टाकून बघायला सांगा. नेमके शब्द हवे असतील तर ते अवतरण चिन्हात टाकायचे. एखाद्याच वेबसाइटवर शोधायचं असेल, समजा नासाच्या, तर शब्दांच्या पुढे इंग्रजीत 'साइट' लिहून कोलन द्यायचा आणि स्पेस न देता लगेच त्या वेबसाइटचा पत्ता. आणि सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' असं लिहिलेलं दिसलं की ती जाहिरात आहे, एवढं सांगून ठेवा.

आता खरा मुद्दा. पान चांगलं दिसतंय म्हणजे माहिती खरी, असं मुलांना वाटतं. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक वेबसाइट 1998 पासून नेटवर आहे, फोटो आहेत, शास्त्रीय नाव आहे, हा प्राणी वाचवा म्हणून आवाहन पण आहे, आणि असा प्राणी जगात नाहीच. अमेरिकेत संशोधकांनी ती सातवीच्या मुलांना दाखवली तर जवळपास सगळ्यांना ती विश्वासाची वाटली, आणि ही मुलं नेट वापरण्यात हुशार होती बरं का!

मग करायचं काय? त्याच पानाकडे बघत बसायचं नाही, तिथून बाहेर पडायचं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये इतिहासाचे अभ्यासक, कॉलेजचे विद्यार्थी आणि फॅक्ट-चेकर, म्हणजे माहिती खरी की खोटी हे तपासणं हेच ज्यांचं काम, यांना तीच ती पानं तपासायला दिली होती. अभ्यासक आणि विद्यार्थी बऱ्याचदा त्याच साइटवर वरखाली करत राहिले, लोगो आणि मांडणी बघून फसले, आणि फॅक्ट-चेकरनी पटकन नवीन टॅब उघडून ही साइट कोणाची, दुसरे तिच्याबद्दल काय म्हणतात हे शोधलं आणि कमी वेळात बरोबर उत्तर काढलं. मुलांना एवढी एक सवय लागली तरी अर्धं काम झालं असं मला मनापासून वाटतं. पत्त्याच्या शेवटी डॉट ऑर्ग आहे म्हणून संस्था भरवशाची असं अजिबात नाही, तो पत्ता कुणीही विकत घेऊ शकतं.

दुसरी फसगत म्हणजे 'दहा साइटवर लिहिलंय'. चीनची भिंत अंतराळातून नुसत्या डोळ्यांनी सहज दिसते हे किती ठिकाणी वाचलं असेल, पण 2003 मध्ये चीनचेच अंतराळवीर यांग लिवेई परत येऊन म्हणाले की मला ती दिसली नाही. सगळ्यांनी एकमेकांचं उचललं असेल तर ते दहा पुरावे होत नाहीत, एकच होतो. म्हणून माहिती मुळात आली कुठून, कोणी मोजलं, कोणी बघितलं, तिथपर्यंत मागे जायला शिकवा.

यात विकिपीडिया खूप कामाला येतो. बरेच शिक्षक त्याला सरळ नाही म्हणतात, ते मला पटत नाही. सुरुवात तिथून करा, विषय समजून घ्या आणि मग खाली संदर्भांची यादी असते ती उघडून मूळ लेखावर जा, प्रोजेक्टमध्ये नाव त्या मूळ लेखाचं द्या.

तारीख पण बघायचीच. 2006 च्या आधीच्या पानावर प्लूटो नववा ग्रह असतो, आणि शनीच्या चंद्रांचा आकडा तर मार्च 2025 मध्ये एकदम 274 वर गेला. फोटोबद्दल शंका असेल तर गुगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठे आलाय ते बघता येतं.

चॅटबॉट वापरायला बंदी घालून फार उपयोग होणार नाही, पण तो पुस्तकांची आणि लेखांची नावं बिनधास्त बनवून देतो हे मुलांना माहीत हवं. त्याने सांगितलेलं पुस्तक खरंच आहे का हे स्वतः शोधून सापडलं तरच वहीत घ्यायचं, आणि पानाचा पत्ता व तारीख त्याच वेळी लिहून ठेवायची, नंतर सापडत नाही.

आणि दोन चांगल्या ठिकाणी वेगळे आकडे मिळाले तर मुलं गोंधळतात. नाईल नदीची लांबी साधारण 6,650 किलोमीटर दिलेली असते, ॲमेझॉनची 6,400 च्या आसपास, पण नदीचा उगम कुठे धरला त्यावर हे आकडे बदलतात. अशा वेळी एक आकडा खोडू नका, दोन्ही लिहा, कुठला कोणाचा ते समोर लिहा आणि फरक का पडतो ते एका ओळीत सांगा.